विजेची समई

या, या, अशा पुढं सरका. तो खांब सोडा बाई. खांबाला टेकून कथेला बसलेलं माणूस पहिल्या साकीलाच घोरायला लागतं, हे मी जन्मभर बघत आलेय. बुवांचं गंध लावून व्हायचंय, पेटीवाला अजून सूर शोधतोय. तेवढ्या वेळात तुम्हांला एक गोष्ट सांगते. रामाच्या दारातलीच आहे, पण गोड नाही. ऐकून तोंड कडू झालं तर मला बोल लावू नका. माझं तर नुसती आठवण आली तरी होतं, आणि वर तांब्याभर पाणी प्यायलं तरी ती चव जात नाही.

मैलापूरच्या गल्लीतलं आपलं राममंदिर ठाऊक आहे ना? तंजावरहून मद्रासला नोकरीला आलेल्या आपल्या लोकांनी पै-पै करून बांधलेलं. पुढं सभामंडप, मागं स्वयंपाकघर, त्याच्या मागं विहीर, आणि विहिरीला लागून एक अंधारी खोली. त्या खोलीत कनका राहायची. ऐन तारुण्यात नवरा गेला, सासूबरोबर या देवळाच्या आश्रयाला आली, सासू गेल्यावर एकटीच राहिली. रामाचा नैवेद्य रांधायचा, वाती वळायच्या, समई चिंचेनं घासून लख्ख करायची. एवढंच तिचं जग, आणि त्यात ती सुखी होती.

तिचं सोवळं म्हणजे सोवळं. आपल्यातल्या ज्या बायकांकडे रेशमी लुगडं होतं त्या कोरड्या रेशमात सोवळ्या व्हायच्या. कनकाकडे कुठलं रेशीम? पहाटे विहिरीवर अंगावरच्या सुती लुगड्यानिशी घागरी ओतून घ्यायची आणि तशीच निथळत आत यायची. केस ओले, लुगडं ओलं, पावलाखालची फरशी ओली. स्वयंपाक होईपर्यंत चुलीच्या धगीनं ते लुगडं अर्धवट वाळायचं, की नैवेद्य न्यायच्या आधी पुन्हा एक घागर. म्हाताऱ्या म्हणायच्या, सोवळं बघावं तर कनकाचं.

आणि गळा! जयतीर्थबुवा कीर्तनाला उभे राहिले की ध्रुपद धरायला आम्ही बायका असायचोच, पण स्वयंपाकघराच्या दारातून कनकाचा आवाज आला नाही तर बुवा चिपळ्या थांबवायचे. "कनका, डाळ राहू दे गं जरा, मला सूर दे," म्हणायचे. सगळी सभा हसायची. ती दारामागं लाजायची, पण पुढचं ध्रुपद असं उचलायची की अंगावर काटा यावा.

आता गुंडोराव. देवळाचे मुख्य विश्वस्त. गिंडीला नवी कारखान्यांची वसाहत झाली तिथं त्यांनी एक शेड घेतली होती. आधी काय काय सुटे भाग करायचे, मग त्यांच्या डोक्यातून निघाली विजेची समई. पितळेचीच, पुरुषभर उंच, पण आतून पोकळ. त्या पोकळीतून तार वर नेलेली आणि माथ्यावर ज्योतीच्या आकाराचा काचेचा दिवा. "तेल नको, वात नको, काजळी नको. बटण दाबलं की देव उजळला," असं ते प्रत्येकाला सांगायचे. जॉर्ज टाउनच्या दोघा घाऊक व्यापाऱ्यांना त्यांनी रामनवमीला यायचं आमंत्रण दिलं होतं. समई पसंत पडली तर दक्षिणेतल्या देवळादेवळांत ती जाणार होती.

पाडव्याला ती समई गाभाऱ्याच्या पायरीशी बसवली. जुनी समई कोठीत, नारळाच्या पोत्यांमागं गेली. काय सांगू तुम्हांला त्या उजेडाचं! रामाच्या मुखाला कावीळ झाल्यासारखा पिवळा, मेलेला उजेड. ना हलत, ना लवत. मी हात जोडले, पण डोळे मिटून घेतले.

दुसऱ्याच सकाळी कनका निथळत्या लुगड्यानं पायसमचं, आपल्या खिरीचं, पातेलं घेऊन गाभाऱ्याशी आली. वाटेत समई. जुन्या समईला ती रोज हातानं जरा बाजूला सारायची, तसाच हात तिनं हिला लावला. "अय्यो!" अशी किंकाळी आली की मी तुळशीची पानं टाकून धावले. पातेलं एकीकडे, कनका दुसरीकडे, आणि पायसम पार देवाच्या पायरीपर्यंत सांडलेलं.

"काय झालं?" गुंडोराव आले. रेशमी सोवळं, कपाळाला गंध, खांद्यावर उपरणं.

"अण्णा, समईनं... समईनं ढकललं मला. हात झिडकारला माझा."

गुंडोरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग जमलेल्या लोकांकडे. समई बसवली तेव्हाच त्यांनी शेजारी एक लाकडी पाट ठेवून दिला होता. त्यावर ते चढले, डोळे मिटले आणि समईला तळहात लावून उभे राहिले. काही नाही. "मला नाही बुवा झिडकारलं," ते म्हणाले, आणि हसले. मग पुजारी कृष्णस्वामींना बोलावलं. "या, पाटावर उभे राहा, लावा हात." त्यांनी लावला. काही नाही.

मग जे झालं ते ऐका. "कनका," गुंडोराव म्हणाले, "आंघोळीत काही राहिलं असेल. पुन्हा न्हाऊन ये आणि सगळ्यांसमोर हात लाव. देव काय म्हणतो ते कळू दे."

ती गेली, घागरी ओतून घेतल्या आणि आली. पाटाकडे पाऊल टाकलं तर गुंडोराव म्हणाले, "पाट पुरुषांचा. तू खाली." तिनं "रामा" म्हणून हात लावला, आणि कुणी उचलून फेकावं तशी भिंतीवर गेली. जीभ दाताखाली आली होती. ओठाच्या कडेनं रक्त आलं. आणि आपल्या बायका, माझ्या शेजारी बसून टाळ वाजवणाऱ्या बायका, तिला उचलायचं सोडून पदर आवरत मागं सरल्या. "शिव शिव! काही तरी असणारच हिच्यात. उगाच का देव असं करेल?" राजसबाई तर म्हणाली, "मी आधीच म्हणत होते, विधवेनं एवढे केस कशाला राखायचे?"

झालं, गुंडोरावांना तेच हवं होतं. निकाल लागला. नवमीच्या आत डोकं भादरून, पंचगव्य घेऊन प्रायश्चित्त करायचं. नाही तर नैवेद्याला हात लावायचा नाही आणि खोली रिकामी करायची.

केस म्हणजे कनकाचं एकच धन होतं हो. तिच्या सासूचं डोकं तरुणपणीच भादरलं होतं. मरताना तिनं सुनेचा हात धरला आणि म्हणाली, "माझे नाही राखू दिले कुणी. तू राख." ते केस गेले असते तर त्या म्हाताऱ्या सासूचा शब्दही गेला असता.

दुपारी मी कनकाच्या खोलीत गेले. जिभेला तूप लावून बसली होती. तिनं विचारलं, "तुळसाक्का, खरंच असेल का हो काही माझ्यात?"

लोक बोलले ते मी ऐकून घेतलं होतं. पण हे मला ऐकवेना. दोन झटक्यांत त्यांनी तिला तिच्याच विरुद्ध उभं केलं होतं.

माझी भाची अंबुजा तांबरमकडच्या एका शाळेत मुलींना विज्ञान शिकवायची. सुट्टीला माझ्याकडेच यायची. तिला मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती, आणि तिचा चेहरा लाल होत चालला.

"आत्ते, समईनं झिडकारलं, हे तुम्हांलाही खरं वाटतं?"

"मला काही वाटत नाही गं. पण गुंडोरावांना का नाही झटका लागला? कृष्णस्वामींना का नाही?"

ती उठली. टॉर्चमधला सेल काढला, चिमुकला बल्ब काढला, कुठून तरी तारेचे दोन तुकडे आणले आणि माझ्या स्वयंपाकघरात मांडून बसली. "बघा. सेलच्या या टोकातून वीज निघाली, तारेतून बल्बात गेली, आणि या दुसऱ्या तारेतून सेलच्या दुसऱ्या टोकाला परत आली. पेटला?"

"पेटला."

"आता ही परतीची तार उचलते."

विझला. पुन्हा टेकवली, पेटला.

"म्हणजे आमच्या ध्रुपदासारखं," मी म्हटलं. "बुवांनी ओळ टाकली, आम्ही ती झेलून बुवांच्या हाती परत दिली तर कीर्तन पुढं जातं. कुणी झेललीच नाही तर बुवा उभेच."

"अगदी तसं! फेरा पुरा झाला तर वीज वाहते, नाही तर नाही. आता मधे काय काय घालू?"

मी पळी दिली. तार, मग पळी, मग तार. दिवा पेटला. लाकडी डाव दिला, विझला. रेशमी पदराचं टोक दिलं, विझलेलाच. मला मजा वाटायला लागली होती. मी ओल्या सुताची वात दिली, तर तिनंही दिवा लागेना.

"हे गं काय? ओलं तर चालायला हवं ना?"

"या सेलचा जोर म्हणजे मुंगीचा जोर, आत्ते. भिंतीतल्या विजेचा हत्तीचा. तिला ओलं लुगडं, ओलं अंग, ओली फरशी म्हणजे हमरस्ता. आणि परत जायला तिला तारच लागते असंही नाही, जमीनसुद्धा चालते. त्या समईत आतली तार कुठं तरी सोलली गेलीय आणि पितळेला टेकलीय. सगळ्या समईत वीज भरलीय. ती वाट बघतेय, कोण मला जमिनीपर्यंत नेतंय म्हणून. ओली, अनवाणी कनकाक्का आली आणि फेरा तिच्या अंगातून पुरा झाला. हात झटकला गेला म्हणून वाचली. चिकटला असता तर..."

"म्हणजे जी सगळ्यांत सोवळी, तिलाच लागायचा," मी म्हटलं.

"हो. आणि गुंडोराव कशावर उभे होते?"

"पाटावर."

"लाकडी. म्हणजे खालचा रस्ता बंद. आणि कनकाक्काला पाटावर चढू दिलं नाही म्हणालात ना?"

चुलीवरचं दूध उतू गेलं तरी कुणी उठलं नाही.

मी तशीच जयतीर्थबुवांच्या घरी गेले. बुवा तपकीर ओढत आरामात बसले होते. ऐकता ऐकता चिमूट नाकापर्यंत जायची राहिली. "तुळसाक्का, अहो मी पितळी चिपळ्या घेऊन त्याच समईशेजारी उडी मारत रामनाम घेतो! म्हणजे एखाद दिवस मी खरंच वैकुंठाला निघालो असतो." मग हसू मावळलं. "त्या पोरीला दोनदा लावायला लावलं? आणि मी पाडव्याला त्याच गुंडोरावाच्या हातून नवी शाल घेतली." त्यांनी तपकिरीची डबी बंद केली. "नवमीला बघू. तुमच्या अंबुजाला पुढं बसवा."

नवमीची दुपार. मंडप गच्च भरलेला, घामाच्या धारा, ताडाचे पंखे, गूळ-वेलचीच्या पानकमचा वास. जॉर्ज टाउनचे व्यापारी पहिल्या रांगेत, बोटांत अंगठ्या, नजर समईवर. कनका स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभी होती. आत यायची बंदी होती ना! न्हावी संध्याकाळी येणार असं ठरलं होतं.

बुवांनी जन्माचं आख्यान अगदी काठापर्यंत आणलं. पाळणा सजला. आता दोरी ओढायची, तेवढ्यात चिपळ्या थांबल्या.

"गुंडोराव, दोरीचा मान तुमचा. पण समईला हात लावून मग दोरी धरा. आणि जुन्या रीतीनं. विहिरीवर दोन घागरी घ्या, ओलेत्यानं या."

"ओलेत्यानं कशाला? मी रेशमात आहे. सोवळ्यातच आहे."

"बरं, तसेच या. फक्त तो पाट नको. रामासमोर भुईवर उभं राहावं माणसानं."

गुंडोराव हसले. "बुवा, पायांना गारठा बाधतो मला."

चैत्रातली मद्रासची दुपार! अख्खी सभा पंख्यांनी वारा घेत होती. कुणी तरी फिस्सकन हसलं, मग सगळेच. बुवा म्हणाले, "राम राम! गारठ्यानं माणसं दगावतील हो, शेकोटी आणा कुणी तरी."

मी पुढं झाले आणि पाट बाजूला करायला उचलला. जड लागला. उलटा केला. खालच्या अंगाला मोटारीच्या टायरचं काळं जाड रबर, पाटाच्या मापानं नीट कापून चिकटवलेलं. नाकात त्याचा वास गेला. देवाच्या दारात, उदाच्या धुरात, टायरचा वास. मी तो पाट सगळ्यांना दाखवला. बोलले असते तर तोंडातून शिवी आली असती.

अंबुजा पायांत रबरी चपला घालूनच उभी राहिली. एरवी तिला कुणी मंडपात तसं येऊ दिलं नसतं. तिच्या हातात लहानसा टेस्टर होता, विजेची कामं करणाऱ्यांकडे असतो तसा. वीज असेल तिथं टेकवला की मुठीत लाल दिवा लागतो. तिनं तो समईच्या अंगाला टेकवला. लागला. खाली टेकवला, लागला. पायथ्याला टेकवला, लागला. "ही नुसती समई नाही," ती म्हणाली, "ही उघडी तार आहे. कनकाक्काच्या जागी मी ओलेती असते तर मलाही हेच झालं असतं. रामालाही झालं असतं."

पहिल्या रांगेतल्या अंगठ्या मागं सरकल्या. "अय्यय्यो, हे आम्हांला विकणार होता होय?" एक व्यापारी म्हणाला.

मला वाटलं, गुंडोराव म्हणतील, मला ठाऊक नव्हतं. तसं म्हणाले असते तर मी विश्वासही ठेवला असता, इतकी मी भोळी. पण ते रबर सगळ्यांनी पाहिलं होतं. "आत काठावर तार घासली जाते," ते पुटपुटले. "बसवली त्या दिवशी मलाही झटका बसला होता जरासा. उत्सव झाला की दुरुस्त करणारच होतो. मी काय कुणाला मारायला निघालो होतो?"

तेव्हा दाराबाहेरून कनकाचा आवाज आला. मोठा नाही, पण सुरातला. "मग मला दुसऱ्यांदा का लावायला लावलंत हात, अण्णा?"

गुंडोरावांनी उपरण्यानं मान पुसली. "लोक बघत होते, कनका."

एवढंच. लोक बघत होते.

अंबुजानं भिंतीवरचं बटण बंद केलं. तो पिवळा उजेड गेला आणि दाराच्या उन्हात रामाचं मुख पहिल्यांदा माणसासारखं दिसलं. बुवांनी जन्म केला, पाळणा हलला, दोरी कुणीच ओढायला पुढं आलं नाही म्हणून बुवांनीच ओढली.

तुम्हांला वाटेल, आता संपली गोष्ट, खोटं उघडं पडलं. नाही हो. खरी किळस पुढंच आहे. प्रसादाच्या वेळी कृष्णस्वामींनी पहिला नारळ नेहमीच्या सवयीनं गुंडोरावांच्या हातात ठेवला, आणि त्यांनी तो घेतला. कुणी हुं केलं नाही. आणि ज्या राजसबाईनं पदर आवरला होता तीच स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाली, "असू दे गं, झाला जरा गैरसमज. चल, ये आत, पानकम ढवळायचंय, माणसं खोळंबलीत." न्हाव्याला नको म्हणून निरोप धाडला, तेवढीच काय ती माफी. त्या हसऱ्या तोंडांकडे बघून मला वाटलं, पंचगव्य यांना पाजायला हवं, तेही घशात ओतून.

कनका आत गेली, पण स्वयंपाकघरात नाही. कोठीत गेली. नारळाची पोती सारून जुनी समई काढली, पदरानं धूळ पुसली, लेकराला घ्यावं तशी कमरेवर घेतली आणि भर मंडपातून चालत माझ्यासमोर आली.

"अगं, ती देवळाची आहे," कृष्णस्वामी म्हणाले.

"माझ्या सासूच्या माहेरची आहे," कनका म्हणाली. "तिनं रामाला दिली होती. राम तुमच्याकडे राहू दे." मग मला विचारलं, "तुळसाक्का, तुमच्या ओसरीत वारा फार येतो का? ज्योत टिकेल का?"

"टिकवू," मी म्हटलं, आणि समईला दुसऱ्या बाजूनं हात दिला.

बुवांनी खांद्यावरची नवी शाल काढून त्या पाटावर ठेवली, त्या रबरावर, आणि चिपळ्या कमरेला खोचून आमच्या मागं निघाले. बस, चौघंच. बाकीची सभा पानकमला थांबली.

तर ही ती ओसरी. पहिल्या वर्षी ऐकायला मी, अंबुजा आणि माझ्या घराचा भाडेकरू. पुढं पुढं तुम्ही सगळे आलात. विजेचा दिवा आम्ही नाकारला नाही, तो बघा डोक्यावर आहे. अंबुजानं स्वतः उभं राहून चांगल्या माणसाकडून तारा घालून घेतल्या, तिसरी तार जमिनीत पुरून. पण कीर्तनाला ती समईच पेटते. कनका होती तोवर तीच पेटवायची. विधवेनं पेटवायची का, असं एकदा कुणी तरी विचारलं, तर बुवा म्हणाले, "तुम्ही ओलेत्यानं या, मग तुम्हांला देतो मान." तिचे केस शेवटपर्यंत होते. पांढरे झाले, पण होते. गेल्या वर्षी तापानं गेली. माझ्याच मांडीवर.

झालं, बुवा उठले. पेटीचा सूर सापडला वाटतं एकदाचा. एवढं करा माझं. घरी गेल्यावर बटणाला हात लावाल तेव्हा आधी हात कोरडे करा, पायात काही आहे का ते बघा, आणि कनकाला आठवा. आणि आता ती समई उजळली की ध्रुपद जरा मोठ्यानं उचला. दारामागचा तो एक सूर आता नाही; त्याची जागा आपल्यालाच भरायचीय.